धुराचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असा आपल्या पूर्वजांचा सल्ला आहे. तो शहाणपणाचा असेल. परंतु वकिलीच्या धंद्यात पडलेल्या माणसास तो परवडत नाही. कोण कोणाचा वारस, कोणती पाऊलवाट कोणाच्या भाटातून पूर्वापार जाते, कोणत्या नावाखाली कोणी कोणता माल विकला, असली मुळे आणि कुळे शोधण्यातच आमचा दिवस जातो. गोव्यात तर 'कूळ' या शब्दाला वंश आणि जमीन कसणारा असे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही अर्थांनी तो न्यायालयाची पायरी चढतो. अशी सवय संध्याकाळी काळ्या कोटाबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. म्हणूनच की काय, पाइप ओढता ओढता समोर तरंगणाऱ्या धुरालाही आम्ही त्याचे कूळ विचारू लागलो.

ज्या धुराविषयी लिहावयाचे तो लताकिया नावाच्या तंबाखूचा. ज्यांनी पाइपला कधी हात लावला नाही, आणि आमच्या वाचकांत तेच बहुसंख्य असतील, त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. पाइपमध्ये भरावयाचा तंबाखू सहसा एका जातीचा नसतो. गोड्या मसाल्याप्रमाणे ते एक मिश्रण असते. व्हर्जिनिया पानाचा गोडवा त्याला बैठक देतो. ग्रीस आणि तुर्कस्तान या बाजूची, उन्हात वाळविलेली चिमुकली पाने, ज्यांना व्यापारात 'ओरिएंटल' म्हणतात, ती सुवास आणि किंचित आंबूसपणा आणतात. आणि लताकिया हा या मसाल्यातला हिंग होय. तो एकटा कोणी सहसा ओढीत नाही. परंतु त्याच्यावाचून 'इंग्लिश' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिश्रणांना त्यांचे रूपच येत नाही. रंगाने काळा, हाताला हलका, आणि वास असा की पावसाळ्यात ओल्या लाकडांवर धुमसणाऱ्या चुलीजवळ बसून राहिल्याचा भास व्हावा.

पाइप ओढणे हे भूषण नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो. धूर छातीत न घेता केवळ तोंडात खेळविणारा मनुष्यही त्याच्या अपायातून सुटत नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग असल्या सूक्ष्म भेदांची पर्वा करीत नाही. गोव्याने 1997 साली सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास आणि थुंकण्यास मनाई करणारा कायदा केला, 2003 साली सर्व देशासाठी कायदा झाला, आणि दोन्ही कायदे आमच्या मते योग्यच आहेत. आमचा पाइप शनिवारी रात्री, घरच्या पडवीत, एकदाच पेटतो. कोणा तरुण वाचकाने हा लेख वाचून पाइप विकत आणावा, अशी आमची मुळीच इच्छा नाही.

एक मात्र खरे की धूर ओढण्याचा विधी आपल्या देशास तंबाखूच्या आधीपासून ठाऊक होता. चरकाने सूत्रस्थानात धूमपान सांगितले आहे. त्यासाठी वापरावयाच्या नळीस तो धूमनेत्र म्हणतो, आणि प्रयोजनाप्रमाणे तिची लांबी 24, 32 किंवा 36 अंगुळे ठरवून देतो. धूर नाकावाटे बाहेर सोडू नये, त्याने डोळ्यांस इजा होते, असेही बजावतो. पण त्या नळीत सुगंधी औषधींची वात असे, तंबाखू नव्हे. तंबाखू हे अमेरिकेचे रोप. पोर्तुगीजांच्या जहाजांनी ते पश्चिम किनाऱ्यावर आणले, तेथून ते दख्खनच्या दरबारांत गेले, आणि 1604-05 च्या सुमारास असद बेग याने विजापुराहून ते अकबरापुढे नेले. जहांगीराने 1617 मध्ये त्यास मनाई केली. ती किती पाळली गेली, याची साक्ष गावोगावचे पानाचे ठेले देत आहेत.

आता मूळ विषय. तंबाखूचे पान झाडावरून काढल्यावर ते वाळवावे लागते, आणि त्या वाळविण्यातच त्याचा स्वभाव ठरतो. निपाणीकडे विडीचा तंबाखू उन्हात वाळवितात, हे आमच्या सीमाभागातील वाचकांस सांगावयास नको. आंध्रात व्हर्जिनिया पान बंद कोठीत टांगतात आणि लोखंडी नळ्यांतून उष्णता खेळवितात. तेथे अग्नी आहे, पण धुराचा पानाला स्पर्शही होऊ देत नाहीत. लताकियाची गोष्ट याच्या अगदी उलटी. तेथे पानाला हवा असतो तो धूरच.

हे वाचून आम्हांला 'तर्कसंग्रहा'तला पर्वत आठवतो. न्यायशास्त्राचा विद्यार्थी प्रथम त्या पर्वतावरचा धूर पाहतो आणि अग्नीचे अनुमान करावयास शिकतो. पण याची उलट बाजू त्याला लगेच सावध करते. धुरावरून अग्नी सिद्ध होतो. अग्नीवरून मात्र धूर सिद्ध होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कोठे आहे? धूर व्हावयास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. यालाच नैयायिक उपाधी म्हणतात. आंध्रातली कोठी हा तो तापलेला लोहगोल आहे, आणि लताकियाची झोपडी हे ओले इंधन. एवढे ध्यानात घेतले म्हणजे लताकियाच्या प्रकारांतील सारा भेद हातात येतो. पर्वतावर अग्नी आहे, एवढे सांगून आमचा नैयायिक थांबतो; लताकियाचा जाणकार पुढचा प्रश्न विचारतो: जळते आहे ते लाकूड कोणते?

या प्रश्नाची उत्तरे मुख्यतः दोन. एक सीरियाचे, दुसरे सायप्रसचे.

सीरियाच्या वायव्येस, भूमध्य समुद्राच्या काठी लताकिया हे बंदर आहे. चंद्रगुप्त मौर्याशी तह करून पाचशे हत्ती घेऊन गेलेला जो सेल्यूकस निकेटर, त्यानेच हे नगर वसविले आणि आपल्या आईच्या, लाओदिकीच्या, नावाने त्याचे नाव लाओदिकिया ठेवले. अरबांच्या जिभेवर त्याचे अल्-लाधिकिया झाले, आणि युरोपच्या व्यापाऱ्यांनी त्याचे लताकिया केले. म्हणजे आज लंडनच्या दुकानात कोणी लताकिया मागतो, तेव्हा तो नकळत तेवीसशे वर्षांपूर्वीच्या एका मातेचे नाव घेत असतो. नावाचा प्रवास असा असतो.

बंदराच्या पाठीशी अन्सारिया डोंगराची रांग आहे. तंबाखू पिकत असे तो या डोंगरात. बंदर फक्त तो जहाजावर चढवीत असे, आणि अठराव्या शतकात तो येथून इजिप्तकडे जाई. ज्या जातीच्या पानापासून सीरियाचा लताकिया होई तिला शेक-अल-बिंत म्हणत. पाने प्रथम उन्हात वाळवीत, मग आढ्याला टांगून त्यांच्याखाली ओक आणि इतर डोंगरी झाडांच्या लाकडांचा मंद धूर आठवडेच्या आठवडे ठेवीत. धूर खाऊन काळ्या झालेल्या पानाला अरब लोक 'अबू रिहा' म्हणू लागले. 'अबू' म्हणजे बाप. एखादी गोष्ट ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला तिचा बाप म्हणण्याची अरबीची रीत आहे; म्हणून अबू रिहा म्हणजे गंधाचा धनी.

हा प्रकार सुचला कसा, याची एक दंतकथा सांगतात. एका वर्षी पीक मुबलक आले, गिऱ्हाईक मिळाले नाही, म्हणून डोंगरातल्या लोकांनी पाने घराच्या आढ्याला टांगून ठेवली. हिवाळाभर चुलीचा धूर त्यांना लागला. पुढे ती काळी पाने पाहून शेतकऱ्याने कपाळाला हात लावला, आणि ओढून पाहणाऱ्याने तोच हात छातीवर ठेवला. आमच्या धंद्याच्या भाषेत हा ऐकीव पुरावा आहे, ग्राह्य नाही. पण ज्यांच्या आजोळी चुलीवरच्या माळ्यावर आमसुले, मिरच्या आणि बियाण्याची कणसे धुरात टिकविलेली आहेत, त्यांना ही कथा अशक्य वाटणार नाही. धूर टिकवतो, हे गरिबाच्या घराला कोणी शिकवावे लागत नाही.

सायप्रस हे बेट सीरियाच्या किनाऱ्यापासून समुद्रमार्गे शंभर किलोमीटरांच्या आसपास. तेथला लताकिया होतो तो वेगळ्या पानापासून: स्मिर्ना जातीच्या, मूळच्या तुर्की बियाण्याच्या पानापासून. आणि तेथला धूरही वेगळा. त्यात मुख्य इंधन मस्तकीच्या झुडपाचे. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात जी 'रुमी मस्तकी' मिळते, ती याच जातीच्या झाडाचा डिंक आहे. हे झाड पिस्त्याच्या कुळातले. आपल्या वैद्यांची काकडशिंगीही याच कुळातील एका हिमालयी झाडावर येते. मस्तकीच्या जोडीला मर्टल, पाइन आणि सायप्रस वृक्ष यांच्या फांद्या असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात हा सायप्रसचा लताकियाच पुढे आला, आणि आज 'लताकिया' म्हणून जे मिळते ते सायप्रसच्या पद्धतीचेच समजावे.

म्हणजे पान निराळे, लाकूड निराळे, देश निराळा. नाव तेवढे एक. असा कज्जा आमच्याकडे आला असता तर पहिला प्रश्न आम्ही हाच केला असता की, दोन्ही माल प्रत्यक्ष समोर आहेत काय?

सुदैवाने ते होते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका तारवटी गृहस्थाने परदेशातील एका बंदरातून आम्हांला दोन काचेच्या बरण्या आणून दिल्या होत्या. एकीत सीरियाचे पान, दुसरीत सायप्रसचे. दोन्ही निर्भेळ, आणि एकाच दिवशी विकत घेतलेले. लताकियाचा धूर वर्षांगणिक निवत जातो. नव्या पानाचा उग्रपणा दहा वर्षांत बराच मऊ होतो. म्हणून नव्या पानाची जुन्याशी तुलना करणे हे तरण्या साक्षीदारापुढे म्हातारा उभा करण्यासारखे आहे. आमचे दोन्ही साक्षीदार एका वयाचे होते. ते एवढी वर्षे बरण्यांत राहिले, आणि गेल्या पावसाळ्यात, न्यायालयाला सुटी असताना, आम्ही त्यांची तपासणी केली.

1872 च्या पुरावा कायद्यात एक तरतूद होती, आणि त्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्याने द्यावी, ऐकलेल्याची ऐकणाऱ्याने, आणि अन्य इंद्रियाने जाणलेल्याची ज्याने त्या इंद्रियाने जाणली त्याने. नाकाची साक्ष कायद्याला वर्ज्य नाही, हे लक्षात आल्यापासून आमचा त्या कायद्याविषयीचा आदर वाढला आहे. म्हणून पाइप पेटविण्यापूर्वी आम्ही दोन्ही बरण्या घरातल्या सर्वांत विश्वसनीय नाकापुढे ठेवल्या. कोणती कोठली हे अर्थातच सांगितले नव्हते.

पहिली बरणी हुंगून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हा तर तुमच्या कचेरीतल्या कपाटाचा वास. पावसात ती जाड पुस्तके उघडली की येतो तो." दुसरी हुंगल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही माझ्या आजीच्या चुलीवरची सोलं. धुरकटलेली, आंबट." आणि मग उलटतपासणीची वाट न पाहता त्यांनी निकालही देऊन टाकला: "दोन्ही बरण्या देवघराच्या भिंतीला लागून ठेवू नका म्हणजे झाले."

साक्ष अशी निःपक्षपाती क्वचितच मिळते. पहिली बरणी सायप्रसची होती. कातडी बांधणीच्या जुन्या निवाड्यांच्या ग्रंथांचा जो वास, तोच त्या पानात आहे: चामड्याचा, गोलसर, आत कोठेतरी गोडसर. दुसरी सीरियाची. तिचा वास कोरडा, अधिक टोकदार, आणि त्यात धुरात सुकलेल्या फळाची आंबूस छटा. युरोपातील जाणकार या छटेसाठी मद्याची उपमा योजतात. आम्हांला आमसुलाची उपमा अधिक नेमकी वाटते, आणि ती घरातच मिळाली.

पुढची तपासणी पाइपमध्ये. एकाच डबीतले साधे व्हर्जिनिया पान घेऊन त्याच्या तीन भागांत एक भाग लताकिया, असे दोन वेगळे नमुने केले. या प्रमाणात दोघांची वागणूक सभ्य होती. सायप्रसचे पान व्हर्जिनियाच्या गोडव्याशी लगेच मिसळले. धूर भरदार, तोंडात गार, आणि कोठेही कोपरा न टोचणारा. सीरियाचे पान मात्र मिसळत नव्हते, तर शेजारी बसत होते. गोडवा एकीकडे, आंबूस कोरडेपणा दुसरीकडे, आणि त्या दोहोंमधले अंतरच रुचकर. ज्याला संगीताचा कान आहे तो म्हणेल की एक तंबोऱ्याप्रमाणे मागे भरून राहतो, दुसरा सारंगीप्रमाणे गायकाच्या बरोबरीने बोलतो.

मग प्रमाण निम्मेनिम केले, आणि येथे खरा भेद उघडा पडला. सायप्रसचा लताकिया निम्म्यावर जाऊनही मिश्रण सांभाळून होता. जड झाला, पण अंगावर आला नाही. इंग्लंडातील केंडल गावच्या सॅम्युएल गॉविथ या जुन्या घराण्याचे कॉमनवेल्थ नावाचे मिश्रण जवळजवळ याच निम्म्या प्रमाणाचे असते, ते का चालते हे या वेळी कळले. सीरियाच्या पानाने मात्र निम्म्यावर पोहोचताच व्हर्जिनियाचा आवाज पार बंद केला. शेवटी तोंडात उरली ती एकसुरी, राखेकडे झुकणारी चव. चवीचा जो टोकदारपणा थोडक्यात गुण होता, तोच अधिकात दोष झाला. हिंगाची तुलना आम्ही वर केली, ती सीरियाच्या पानालाच खरी लागू पडते. सायप्रसचे पान हिंगापेक्षा खोबऱ्यासारखे आहे. थोडे जास्त झाले तरी स्वयंपाक फुकट जात नाही. मिश्रणकारांनी सायप्रसला जवळ का केले, याचे एक कारण हेही असले पाहिजे.

आता कायद्याचा मुद्दा. इतका भेद असताना सायप्रसच्या पानाला 'लताकिया' म्हणवून घेण्याचा अधिकार आहे काय?

आपल्याकडे 1999 साली भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला आणि सप्टेंबर 2003 मध्ये तो अंमलात आला. गोव्याच्या काजूच्या फेणीला 2009 मध्ये त्याचे संरक्षण मिळाले, कोकणच्या हापुसाला 2018 मध्ये, आणि गोव्याच्या मानकुरादला 2023 मध्ये. वस्तूचा गुण ज्या भूमीमुळे आहे, त्या भूमीबाहेरच्याने ते नाव वापरू नये, हे या कायद्याचे सूत्र. या सूत्राने पाहिले तर सायप्रसचा दावा पहिल्याच तारखेला फेटाळला जाईल. पण त्याच कायद्यात असेही आहे की जे नाव भूमीपासून सुटून वस्तूच्या प्रकाराचेच नाव बनले आहे, त्याची नोंद होत नाही. लताकियाचे तसेच झाले आहे. तो आता गावाचा नव्हे, रीतीचा निर्देश आहे.

आणि हापुसाचे तरी काय? ते नाव अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीचे. गोव्यात पोर्तुगीजांच्या कलमांतून ती जात घडली, आणि रत्नागिरी-देवगडच्या कातळावर तिने कीर्ती मिळविली. आज हापुसाचे मानांकन कोकणाकडे आहे. गोव्याने आपले प्रेम मानकुरादला दिले आहे. यात कोणी कोणाला लुबाडले, असे म्हणवत नाही. जो कातळ फोडून खड्डे खणतो, पाणी घालतो, मोहोर राखतो, त्याच्या हातात नाव राहते.

उलट उदाहरणही याच धंद्यात आहे. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर 1907 साली आल्फ्रेड डनहिल यांनी तंबाखूचे दुकान काढले, आणि माय मिक्स्चर 965 व नाइटकॅप ही लताकियाची मिश्रणे डनहिलच्या नावाने जगभर गेली. 2018 च्या सुमारास ते नाव पाइपच्या तंबाखूवरून निघाले. तीच मिश्रणे पुढे पीटरसन या नावाखाली विकली जाऊ लागली. तेथे माल राहिला आणि नाव गेले. लताकियात मूळ माल गेला आणि नाव राहिले. कोणते दुःख मोठे, हे सांगणे कठीण आहे.

'मूळ माल गेला' असे म्हटले, त्याचा खुलासा करावयास हवा, कारण या लेखाचा खरा विषय तोच आहे. सीरियाचा लताकिया आज नव्याने बाजारात येत नाही. डोंगरातील जंगले धुरासाठी तोडली जात होती, ती वाचविण्यासाठी तेथे निर्बंध आले, असे व्यापारी सांगतात. 2011 मध्ये त्या देशात यादवी पेटली, आणि त्यानंतर तंबाखूच्या धुराची चौकशी करणेही निर्दयपणाचे होते. जे साठे बाहेर होते तेही सारे उरले नाहीत. अमेरिकन मिश्रणकार ग्रेगरी पीझ यांचा सीरियाच्या पानाचा साठा 2005 साली कॅलिफोर्नियातील एका गोदामाच्या आगीत गेला, आणि त्या पानावर उभी असलेली त्यांची काही मिश्रणे कायमची बंद झाली. ज्याला मंद धुराने घडविले त्याला अखेर ज्वाळेने नेले.

या हानीबद्दल हळहळ वाटते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हळहळ हा निकाल नव्हे. एका बाजूस मूठभर शौकिनांच्या जिभेवरची आंबूस छटा. दुसऱ्या बाजूस डोंगरावरचा ओक, जो एकदा तोडला तर माणसाच्या एका आयुष्यात पुन्हा तसा उभा राहत नाही. ज्या देवरायांतून आमच्या पूर्वजांनी वाळकी काटकीही देवाच्या भीतीने उचलली नाही, त्या देवरायांच्या मुलखातल्या माणसाला हा निकाल द्यावयास वेळ लागू नये. जंगल राहिले पाहिजे. चव जाऊ दे. मस्तकीचे झुडूप छाटले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, ही सायप्रसच्या बाजूची मोठी जमेची गोष्ट; पण तीही छाटणाऱ्याने फुटण्याइतका वेळ दिला तरच. नाहीतर आज सीरियाविषयी लिहिले ते उद्या सायप्रसविषयी लिहावे लागेल.

मग नाव कोणाचे? येथे आम्ही दुसऱ्या 'कुळा'कडे वळतो. गोव्यात 1964 साली कूळ कायदा झाला, आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देण्याचे तत्त्व आणले. त्या कायद्याने कोणाचे भले केले आणि कोणत्या देवस्थानाचे उत्पन्न आटवले, यावर आमच्या वाचकांची मते तीव्र आहेत, आणि भाटकारांच्या घरातून आलेल्या आमच्या काही स्नेह्यांच्या भुवया हे वाचतानाच वर गेल्या असतील. तरी तत्त्व म्हणून आम्हांला ते नावांच्या बाबतीत मान्य करावेसे वाटते. कसेल त्याचे नाव. सायप्रसने पान बदलले, लाकूड बदलले. पण पान टांगणे, धूर मंद ठेवणे, आठवडेच्या आठवडे ज्वाला होऊ न देता आग जागती ठेवणे, ही रीत सोडली नाही. लताकिया हे पानाचे नाव नव्हे, धुराच्या संस्काराचे नाव आहे. ज्याने संस्कार चालविला त्याने नाव चालविले.

आमच्या वाचकांना हे फार फोड करून सांगण्याची गरज नाही. तंबाखूच्या गोष्टीत देवाचे नाव घेऊ नये, म्हणून सोळाव्या शतकात कोणकोणती दैवते नदी ओलांडून कोणत्या गावी आली, ते येथे लिहीत नाही. पण माणसांविषयी लिहावयास हरकत नाही. इंदूर-ग्वाल्हेरास आणि बडोद्यास गेलेली घराणी, हैदराबादेत रुजलेली घराणी, बेळगावात सीमेच्या वादात बसून राहिलेली घराणी, यांची माती निराळी, पाणी निराळे, चुलीतले लाकूडही निराळे. त्यांच्या आमटीत तिकडची चव उतरली, बोलण्यात तिकडचे शब्द आले. पुण्याचा कोणी पाहुणा जेवून म्हणतो, "ही काही आपली आमटी नव्हे." तेव्हा यजमानीणबाईंनी रागावू नये आणि ओशाळूही नये. तो पाहुणा पानाची आणि लाकडाची परीक्षा करीत असतो. संस्काराची करीत नसतो. दोन्ही आमट्या खऱ्या आहेत, आणि दोहोंत भेद आहे हेही खरे आहे. भेद मान्य करून नाव सांभाळता येते. भेद झाकून ते सांभाळू पाहणे हे मात्र कायद्याच्या भाषेत फसवणूक आणि साध्या भाषेत दुबळेपणा होय. म्हणून डबीवर 'सायप्रसचा लताकिया' असे पूर्ण नाव छापणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल आम्हांला आदर वाटतो. त्याने गावही सांगितले आणि कूळही.

सीरियाच्या बरणीत आता दोन-तीन वेळा पाइप भरेल इतके पान उरले आहे. ते संपले की त्या धुराची साक्ष देणारे आमच्या घरात दोनच जण उरतील, आणि त्यांतील एकाने ती आधीच दिली आहे. नवे पान कोठून मिळते का, याची चौकशी आम्ही करणार नाही. अन्सारिया डोंगरावर ओक पुन्हा दाट होवोत, आणि पर्वतावर धूर दिसलाच तर तो कोणाच्या तरी स्वयंपाकाचा असो.